लाल कोळी कसा ओळखायचा आणि कसा आटोक्यात आणायचा

नावात ‘लाल’ आहे म्हणून पानावर लाल काहीतरी शोधत बसलात, तर ही कीड हमखास निसटते. वर्षातला बराचसा काळ लाल कोळी लाल नसतोच. तो असतो फिकट पिवळसर-हिरवा, जवळजवळ पानाच्याच रंगाचा, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक गडद डाग. म्हणून त्याला दोन ठिपक्यांचा कोळी असंही म्हणतात. ते डाग कातडीवरचे नसतात. त्याने शोषलेला पानाचा रस पोटात साठतो आणि पारदर्शक अंगातून बाहेर दिसतो, इतकंच. नुकतीच कात टाकलेल्या कोळ्याला डाग नसतात, म्हणून डाग नाहीत यावरून ‘हा तो नव्हे’ असं ठरवू नका.

शास्त्रीय नाव टेट्रॅनिकस अर्टिसी. कोख या जर्मन अभ्यासकाने १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि अंगाची आग करणाऱ्या अर्टिका या तणावरून नाव ठेवलं. आज हजाराहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर तो नोंदलेला आहे: घेवडा, काकडी, टोमॅटो, वांगं, स्ट्रॉबेरी, गुलाब, कापूस, पुदिना, कुंडीतली शोभेची झाडं. पूर्ण लाल रंगाचा जो प्रकार दिसतो तो पूर्वी वेगळी जात समजत. आता तो याच जातीचा रंगभेद मानतात. उपाय दोन्हींना सारखेच.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हा कीटक नाही. आठ पायांचा, कोळ्यांच्या वर्गातला प्राणी आहे. त्यामुळे मावा-तुडतुड्यांसाठी घरात पडून असलेलं औषध इथे बहुतेक वेळा निकामी ठरतं, आणि काही औषधं तर कोळी वाढवतात. ते कसं, ते पुढे येईलच.

पान उलटं करा

पहिली खूण पानाच्या वरच्या बाजूला दिसते: सुईच्या टोकाने टोचल्यासारखे बारीक पांढरट-पिवळे ठिपके. कोळी पानाच्या पाठीवर बसून सुईसारखं तोंड आत खुपसतो आणि एकेक पेशी रिकामी करतो. रिकाम्या झालेल्या पेशींचा पुंजका वरून ठिपका म्हणून दिसतो. ठिपके सहसा मधल्या शिरेच्या आणि देठाच्या जवळ सुरू होतात, मग एकमेकांत मिसळून पान फिकट, राखाडी, शेवटी तांबूस होतं आणि गळतं. कोळ्याने पानावर विणलेली बारीक जाळी दिसायला लागली म्हणजे कीड नवी नाही, ती काही पिढ्यांची झालेली आहे.

बघायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं. अंडी नीट बघायची तर वीसपट. झाडाच्या खालच्या आणि मधल्या भागातलं, किंचित फिकट पडलेलं पान निवडा. ते तोडू नका, नुसतं उलटून उजेडाकडे धरा. भिंग डोळ्याला चिकटवा आणि पान भिंगाजवळ आणा (उलट केलं तर हात हलतो आणि काहीच दिसत नाही). देठापाशी जिथे मुख्य शिरा फुटतात, त्या बेचक्यात नजर ठेवा आणि अर्धा मिनिट थांबा. धूळ जागची हलत नाही, कोळी हलतो.

मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर, अंडाकृती, गुबगुबीत. नर तिच्याहून लहान, मागे निमुळता आणि पाय लांब वाटणारे. जाळ्याच्या धाग्यांत अडकलेली अंडी म्हणजे अगदी गोल, पाण्याच्या थेंबासारखी स्वच्छ मणी. फुटायच्या आधी पिवळसर होतात. त्यांच्या भोवती पांढऱ्या चुऱ्यासारखं जे पडलेलं असतं ती कात. औषधाने सगळे कोळी मेले तरी कात आणि ठिपके पानावर राहतातच, आणि ते बघून पुन्हा पुन्हा फवारणारे कमी नाहीत. पानाला एकदा पडलेला ठिपका कधीच भरून येत नाही. उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानावर नव्हे, नव्या पानावर बघायचं.

भिंग नसेल तर पांढरा कागद घ्या. फांदी कागदावर धरून तीन-चार टिचक्या मारा आणि कागद उन्हात स्थिर ठेवा. चालणारे ठिपके दिसले की त्यावर बोट घासा. हिरवट रेघ उमटली तर तो पानाचा रस पिणारा आहे. तुरुतुरु धावणारे, चकचकीत, थेंबाच्या आकाराचे नारिंगी ठिपके दिसले तर हात आवरा. तो कोळ्याला खाणारा कोळी असू शकतो.

गल्लत होते ती मुख्यतः फुलकिड्यांशी. त्यांचे चट्टे चंदेरी, लांबट असतात आणि त्यात विष्ठेचे काळे टिपके दिसतात, जाळी नसते. पान चिकट लागत असेल तर मावा किंवा पांढरी माशी शोधा, कारण लाल कोळी चिकटा सोडत नाही. शेंड्याची पानं आकसून कडक झाली आहेत, पण ना ठिपके ना जाळी, तर तो दुसरा, याहूनही बारीक कोळी असतो आणि त्याचे उपाय थोडे वेगळे असतात. अन्नद्रव्याची कमतरता असेल तर पिवळेपणा शिरांच्या हिशेबाने पसरतो, असा टोचल्यासारखा नाही.

तापमान बघून तारखा ठरवा

लाल कोळ्यात हरणारे बहुतेक जण औषधात चुकत नाहीत, तारखेत चुकतात. म्हणून ही पिढीची गणितं जरा सविस्तर.

अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं. मग आठ पायांच्या दोन अवस्था, मग प्रौढ. या प्रत्येक बदलाआधी तो काही काळ पानाला चिकटून निपचित पडतो. काही खात नाही, हलत नाही. म्हणजे कुठल्याही क्षणी पानावर दोन गट असे असतात ज्यांना बऱ्याच औषधांची झळ कमी लागते: अंडी आणि निपचित पडलेले.

तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण ७ ते ८ दिवस लागतात आणि अंडं ३ दिवसांत फुटतं. २० अंशांना हाच प्रवास १६–१७ दिवसांचा होतो. १५ अंशांना महिनाभर किंवा जास्त. १२ अंशांच्या खाली वाढ जवळपास थांबते. मादी दोन ते चार आठवडे जगते आणि अनुकूल हवेत शंभरावर अंडी घालते.

यात आणखी एक खोच आहे. नराशी संयोग न झालेली मादीही अंडी घालते. त्यातून फक्त नर निघतात. त्यातलाच एखादा नर मोठा होऊन तिच्याशी संयोग करतो आणि मग माद्या जन्माला येऊ लागतात. त्यामुळे फवारणीतून वाचलेली एकुलती एक मादीही पुन्हा वसाहत उभी करू शकते.

आता हिशेब करा. एका पानावर १० माद्या आणि १०० अंडी आहेत. चांगल्या साबणाच्या फवारणीने ९ माद्या मेल्या. आज संध्याकाळी पान स्वच्छ दिसतं, तुम्ही खूश. चौथ्या दिवशी त्याच पानावर शंभराच्या आसपास पिल्लं असतात. तुम्ही दुसरी फवारणी पंधरा दिवसांनी ठरवली असेल तर तोवर त्यांची अंडीही पडलेली असतात. दुसरी फवारणी अशी बसवायची की पहिल्या वेळची अंडी फुटून गेलेली असतील, पण त्यातली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायला लागलेली नसतील. ३० अंशांच्या हवेत हे अंतर ४ ते ५ दिवसांचं, २० ते २५ अंशांत ७ दिवसांचं. साबण, तेल अशा नुसत्या स्पर्शाने मारणाऱ्या गोष्टी वापरत असाल तर अशा सलग तीन फेऱ्या. दोन नाही, तीन, कारण दर वेळी काही पानांची पाठ सुटतेच.

तो का वाढला ते आधी शोधा

कोरडी, गरम हवा त्याला मानवते. धुळीने माखलेल्या पानांवर तो जोमाने वाढतो, कारण धुळीत त्याला खाणाऱ्या मित्रकिडींना शोध घेणं अवघड जातं. रस्त्याकडेच्या ओळींत सुरुवात होते ती बऱ्याचदा यामुळेच. पाण्याचा ताण बसलेलं झाड आणि नत्र जास्त झालेलं लुसलुशीत झाड, दोन्ही त्याच्या सोयीची. फवारणीआधी पाणी द्या, वाफसा येऊ द्या, आणि वरखताचा नत्राचा हप्ता पुढे ढकला. ही कामं केली नाहीत तर पुढचं सगळं औषध भोक पडलेल्या बादलीत ओतल्यासारखं.

आणि ते कीटकनाशकांचं. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं मित्रकिडी साफ मारतात, कोळ्यांना मात्र पुरती मारत नाहीत. वर कोळी बिथरून शेजारच्या पानांवर, शेजारच्या झाडांवर पांगतात. इमिडाक्लोप्रिड कोळ्यांवर चालत नाही, आणि ते दिलेल्या झाडांवर कोळ्यांचा उद्रेक झाल्याचं अनेक पिकांत दिसलं आहे. म्हणून दुसऱ्या किडीसाठी फवारणी झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पानं एकदा उलटून बघायचीच.

चार-दोन कुंड्या असतील तर

औषधाच्या बाटलीला हात लावू नका. इथे पाणी बहुतेक काम करतं.

बाधित कुंडी बाकीच्यांपासून दूर न्या. पानं एकमेकांना टेकलेली असली की कोळी चालत जातात. निम्म्याहून जास्त तांबूस झालेली, जाळीने गुंडाळलेली पानं कापून थेट पिशवीत टाका आणि तोंड बांधा. उघड्या टोपलीत टाकून घरभर फिरवू नका. कुंडीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून माती झाका, कुंडी आडवी करा आणि पाण्याच्या जोरदार पण पान न फाडणाऱ्या धारेने पानांची पाठ खालून वर धुवा. मोठ्या पानांना खालून एक हात लावून दुसऱ्या हाताच्या बोटांनी देठाकडून टोकाकडे पुसत जा. शिरेच्या बेचक्यात धार पोचते की नाही बघा, तिथेच अंडी असतात. धुण्यामुळे अंडी सगळी निघत नाहीत, पण जाळं तुटतं, आणि जाळं तुटल्याशिवाय पुढचा साबण आत पोचत नाही. जाळीवर फवारलं तर थेंब वरच्यावर धाग्यांना लटकून राहतात.

पान निथळलं की साबण. फॅटी आम्लांच्या पोटॅशियम क्षाराचा, वनस्पतींसाठी बनवलेला साबण घ्या: लिटरला १० ते २० मिलि, म्हणजे १ ते २ टक्के, बाटलीवर लिहिलं असेल त्याप्रमाणे. भांडी घासायचं द्रव वापरू नका. ते डिटर्जंट असतं, पानावरचं मेणाचं आवरण काढतं आणि पानाच्या कडा जळतात. साबण ओला असेपर्यंतच काम करतो, वाळला की संपला. म्हणून पहाटे किंवा ऊन उतरल्यावर फवारा, म्हणजे पान जास्त वेळ ओलं राहील. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाला बांधून टाकतं. तपासायला द्रावण काचेच्या बाटलीत १५ मिनिटं ठेवा. वर दह्यासारखा साका आला तर ते पाणी बाद, पावसाचं किंवा क्षार काढणाऱ्या (आरओ) गाळणयंत्राचं पाणी घ्या.

कुठलंही द्रावण आधी दोन-तीन पानांवर मारून ४८ तास वाट बघा. नेच्यासारख्या नाजूक झाडांना साबणही सोसत नाही.

कडुनिंबाचं तेल वापरायचं असेल तर चूक सगळी मिसळण्यात होते. तेल थेट पाण्यात ओतलं की तवंग धरतं, पंपातून आधी नुसतं पाणी निघतं आणि शेवटी नुसतं तेल, आणि शेवटची चार झाडं भाजतात. ५ मिलि तेलात १ ते २ मिलि तोच द्रवरूप साबण घालून चांगलं घोटा. मग कोमट पाणी थोडं थोडं घालत हलवा. दुधासारखं झालं पाहिजे. त्यानंतर एक लिटर होईपर्यंत पाणी वाढवा. वर पिवळे थेंब तरंगताना दिसले तर साबण कमी पडला. थंडीत तेल गोठतं, तेव्हा बाटली आधी गरम पाण्यात ठेवा. तयार द्रावण त्याच दिवशी संपवा. ३२ अंशांच्या वर तापमान असताना, किंवा झाड तहानलेलं असताना तेल मारायचं नाही. आणि गंधक मारलं असेल तर तेल आणि गंधकात किमान दोन आठवड्यांचं अंतर; दोन्ही एकत्र आले की पानं जळतात.

शेतात आणि हरितगृहात

तत्त्व तेच, फक्त हाताने पुसण्याची सोय नाही. त्यामुळे नोझलवर सगळं अवलंबून. पोकळ शंकूची बारीक थेंबांची नोझल घ्या, दांडीचं टोक वाकवून नोझल वर तोंड करून धरा आणि झाडाच्या खालून वर फवारा. दांडी वरून फिरवत ओळीतून चालत गेलं की वेळ निम्मा लागतो आणि कोळी जिथल्या तिथे राहतो. द्रावण पोचतं का हे बघायला फवारणीआधी पाच-सहा पानांच्या पाठीला पिनेने पाण्याला रंग बदलणारा कागद लावा. तो नसेल तर नुसत्या पाण्यात खायचा रंग टाकून साध्या पांढऱ्या कागदावर एक फेरी करून बघा. दाट झाडाच्या आत लावलेले कागद कोरडे निघाले तर पाणी वाढवा किंवा आतल्या फांद्या विरळ करा. औषधाची मात्रा वाढवून इथे काहीही साधत नाही.

पाहणीसाठी आठवड्यातून एकदा ठरावीक २० पानं बघा, खालची आणि मधली, कडेच्या ओळींतली जास्त. किती पानांवर हलणारा कोळी सापडला एवढंच लिहा. एकेक मोजत बसू नका. २० पैकी २ पानांवरून पुढच्या आठवड्यात ६ झाली तर कीड चढती आहे. ६ ची ५ झाली आणि पानांवर परभक्षी दिसत असतील तर आणखी एक आठवडा थांबणं शहाणपणाचं. सुरुवात नेहमी ठिपक्या-ठिपक्यांनी होते, सबंध शेतात एकदम नाही. ती झाडं फितीने खुणावून ठेवा आणि तिथेच आधी काम करा.

पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ते ३ ग्रॅम या मात्रेने बरेच जण वापरतात. भुरीवर ते चांगलं. लाल कोळ्यावर मात्र ते बहुधा वाढ रोखून धरतं, निकाल लावत नाही. काकडीवर्गीय पिकांना ते सोसत नाही, ३२ अंशांवर तर नाहीच.

कोळीनाशकं: नाव नको, गट बघा

लाल कोळी औषधांना दाद न देण्याच्या बाबतीत सगळ्या किडींच्या पुढे आहे. ९० हून जास्त औषधी घटकांविरुद्ध त्याच्यात प्रतिकार नोंदलेला आहे. कारण वर आलंच: पिढी आठवड्याची, आणि नरात प्रत्येक गुणसूत्र एकेरी असल्यामुळे प्रतिकार देणारा बदल लपून राहत नाही, लगेच निवडला जातो. म्हणून दुकानातून दुसऱ्या नावाची बाटली आणली म्हणजे औषध बदललं असं होत नाही. औषध कोळ्याला कोणत्या पद्धतीने मारतं त्यावरून त्याचा गट ठरतो. लेबलवर गटाचा क्रमांक असतो, तो बघायचा.

गट ६ मध्ये अबामेक्टिन. हलत्या अवस्थांवर चांगलं, अंड्यांवर नाही. ते पानाच्या आत थोडं झिरपतं, म्हणून कोवळ्या पानांवर टिकतं. बाहेर राहिलेलं उन्हात लवकर निकामी होतं, त्यामुळे संध्याकाळी फवारा. मधमाश्यांना घातक असल्यानेही संध्याकाळच बरी. गट १० मध्ये हेक्झिथायाझॉक्स, क्लोफेन्टेझिन आणि इटॉक्साझोल: ही अंडी आणि पिल्लं मारतात, प्रौढ मादी तशीच फिरते. फवारून दुसऱ्या दिवशी मोठे कोळी जिवंत दिसले म्हणून ‘औषध बोगस’ असा शेरा मारण्याआधी आठवडाभर थांबा. ही कीड थोडी असताना वापरायची औषधं आहेत, आणि हंगामात एकदाच. गट १२ मध्ये प्रोपरगाईट आणि डायफेन्थियुरॉन. गट २० मध्ये बायफेनाझेट. गट २१ मध्ये फेनपायरॉक्सिमेट, फेनाझाक्विन, पायरिडाबेन. गट २३ मधलं स्पायरोमेसिफेन अंडी-पिल्लांवर जोरकस, सावकाश काम करणारं. गट २५ मध्ये सायफ्लुमेटोफेन.

एका पिढीवर एक गट, पुढच्या पिढीवर दुसरा, आणि हंगामात शक्यतो तोच गट परत नाही. पानावर अंडी खूप दिसत असतील तर फक्त हलत्यांना मारणारं औषध एकटं वापरण्यात अर्थ नाही. मात्रा, काढणीपूर्व दिवस, आणि तुमच्या पिकाला ते औषध मंजूर आहे का, हे तुमच्याकडच्या लेबलवरून ठरवा. इथे कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. पंपात दोन-तीन औषधांचं कॉकटेल करण्याची सवय असेल तर ती इथे महाग पडते: एकाच वेळी सगळ्या गटांना सरावलेले कोळी तयार होतात.

कोळ्याला खाणारा कोळी

१९५८ मध्ये चिलीहून जर्मनीला गेलेल्या ऑर्किडच्या झाडांबरोबर एक नारिंगी, चपळ कोळी पोचला. तो लाल कोळ्याच्या अंड्यांवर आणि पिल्लांवर तुटून पडतो हे लक्षात आलं, आणि आज फायटोसिल्युस पर्सिमिलिस जगभरच्या हरितगृहांत बाटलीतून सोडतात. त्याचं वैशिष्ट्य असं की तो जाळीत शिरतो, जिथे इतर परभक्षी अडखळतात. त्याची अंडी लंबगोल आणि लाल कोळ्याच्या अंड्यांच्या साधारण दुप्पट मोठी असतात. भिंगातून ती दिसली की समजा बस्तान बसलं.

पण त्याच्या अटी आहेत. तापमान २० ते २७ अंश, आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर. ३० अंशांपुढे आणि कोरड्या हवेत तो मागे पडतो, लाल कोळी मात्र पळत सुटतो. तिथे निओसिल्युस कॅलिफोर्निकस बरा. तो उष्णता आणि कोरडेपणा जास्त सोसतो आणि कोळी नसले तर परागकणांवर तगतो. पर्सिमिलिस मात्र दुसरं काही खात नाही, भक्ष्य संपलं की उपाशी मरतो, म्हणून कीड येण्याआधी महिनाभर सोडून ठेवण्यात अर्थ नाही. टोमॅटोच्या चिकट लवीतही त्याची दमछाक होते.

प्रमाण: नुकती सुरुवात असेल तर दर चौरस मीटरला २ ते ६, आणि कीड साचलेल्या जागी २० ते ५०. बाटली आली की त्याच दिवशी सोडा. रात्रभर ठेवायचीच वेळ आली तर ८ ते १० अंशांत, अंधारात, आडवी. कोळी बाटलीत वरच्या बाजूला गोळा होतात, म्हणून शिंपडण्याआधी बाटली हलक्या हाताने गोल फिरवा; नाहीतर पहिल्या दहा झाडांना सगळे मिळतात आणि बाकीच्यांना नुसता भुसा. आधी पायरेथ्रॉइड मारलं असेल तर त्याचे अंश पानांवर दोन-तीन महिनेसुद्धा मारक ठरू शकतात. झाड जाळीने भरलं असेल तर आधी साबणाने लोकसंख्या खाली आणा, द्रावण वाळू द्या, मग सोडा. परिणाम दोन ते तीन आठवड्यांत दिसतो. दरम्यान हात शिवशिवला तरी पंप बाहेर काढू नका.

उघड्यावर फुकटचे मदतनीसही येतात: मोहरीपेक्षा लहान, काळाभोर स्टेथोरस ढालकिडा, पंखांवर सहा डाग असलेला, कोळी खाणारा फुलकिडा, आणि एका चिलटाची नारिंगी अळी. यातलं काही पानावर दिसलं तर त्या ओळीला औषध नको.

पुन्हा येऊ नये म्हणून

नवं रोप आणलं की दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा आणि आठवड्याला पानं उलटून बघा. बाधित ओळीत सगळ्यात शेवटी जा आणि तिथून सरळ बाहेर या; कोळी कपड्यांवर, हातमोज्यांवर, कात्रीवर बसून प्रवास करतो. वारा असतानाही तो धाग्यावर झोकून देतो. बांधावरची तणं पीक येण्याआधी काढा. पीक उभं असताना ती कापली की तणांवरचे सगळे कोळी चालत तुमच्या पिकावर येतात, आणि मग लोक म्हणतात, परवाच तर साफसफाई केली होती.

हरितगृहात पीक काढताना क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी फवारणी, मग उपटणी. आधी उपटलं तर झाड सुकायला लागताच कोळी उतरून खांबांवर, दोऱ्यांवर चढतात.

थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागले की माद्या खाणं सोडतात, गडद नारिंगी-लाल होतात आणि फटींत शिरून सुप्तावस्थेत जातात. हाच तो ‘लाल’ कोळी बहुतेकांनी पाहिलेला असतो. या काळात त्यांच्यावर औषध फारसं चालत नाही, म्हणून काम त्याच्या आधी, त्या खात असतानाच उरकायचं. नंतर हाती उरतं ते झाडझूड करणं: आधाराच्या काठ्यांची टोकं, दोऱ्यांच्या गाठी, कुंडीच्या काठाची खालची खाच, बाकांच्या सांध्यातल्या फटी. जुन्या दोऱ्या पुढच्या हंगामासाठी गुंडाळून ठेवू नका. गाठी सोडवून उन्हात धरल्या तर आत तिखटाच्या दाण्यांसारखे लाल ठिपके एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात.